सांगलीहून पहाटे तीनला निघून इमॅजिकाच्या गेटवर सगळ्यांच्या आधी पोचणं: लहान मुलं बरोबर असताना परवडतं का?

आमराई
मंडळी, सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते.

मुलांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं चाललंय. लेक सहा वर्षांची, लेकाला अकरावं संपत आलंय, बरोबर सासूबाई. गाडी घरचीच. चालवणार हे एकटे, कारण हायवेवर चालवायचा मला सराव नाही. ह्यांच्या ऑफिसातून जो तो एकच सांगतोय, की गेट उघडताना दारात असाल तर सगळं बघून होतं, बारानंतर गेलात तर दिवस रांगेत जातो. म्हणून ह्यांचा बेत असा: पहाटे तीनला सांगली सोडायची, दहाच्या आत पोचायचं, पार्क बंद होईपर्यंत थांबायचं आणि रात्रीच परत.

मला हा बेत पटत नाहीये. गेल्या मे महिन्यात माहेरच्यांबरोबर एका ट्रॅव्हल्सच्या सहलीतून वॉटर पार्कला गेले होते. रात्री अकराला बस निघाली ती पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये जाऊन उभी. गेट दहाला उघडणार. साडेचार तास काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बायकांना जायला जागा नाही, चहाची टपरी आठला उघडली. बसमध्ये घुसमटायला लागलं म्हणून डांबरावर सतरंजी अंथरली आणि लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिला गाढ झोप लागली नेमकी गेट उघडायच्या वेळेला. उठवून आत नेली तर गालावर सतरंजीच्या विणीचे वळ, डोळे अर्धे मिटलेले, आणि माझी ओढणी मुठीत घट्ट धरलेली. पहिले दोन तास तिने पाण्यात पाय घातला नाही. ज्या दोन तासांसाठी आम्ही रात्र जागलो, तेच तिचे वाया गेले.

पण ह्यांचं म्हणणंही खोटं नाही, रांगा असतातच. लहान पोरं घेऊन गेलेल्यांनी सांगा, लवकर पोचल्याचा फायदा नक्की किती? आणि आपल्यासारख्या तीनशे किलोमीटरवरच्या माणसांना तो परवडतो का?

पेठनाका
ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने.

आम्ही दोनदा गेलोय. पहिल्यांदा साडेबाराला पोचलो. नायट्रो रोलरकोस्टरच्या रांगेत सव्वा तास, डीप स्पेसला पाऊण तास, त्यात जेवायची रांग. संध्याकाळपर्यंत पाच राईड झाल्या. धाकट्याला स्क्रीम मशीन करायचं होतं, ते राहिलं. येताना खालापूर टोलपर्यंत रडत होता. दुसऱ्या वर्षी दारात उभे राहिलो आणि आत शिरल्या शिरल्या थेट नायट्रो गाठली. दहा मिनिटांत बसलो सुद्धा. दुपारचं जेवण होईतो सात राईड झाल्या होत्या. तिकीट तेच, पार्क तोच. माणशी एवढे पैसे भरून रांगेत उभं राहण्यापेक्षा एक दिवस झोप मोडलेली परवडली.

चारभिंती
आम्ही साताऱ्याचे. आम्हाला सव्वापाच-साडेपाचला निघालं तरी चालतं, अंतर तुमच्यापेक्षा सव्वाशे किलोमीटरने कमी. तरीही सांगते, पहाटे निघताना लहान मुलांना रात्रीच बाहेरचे कपडे घालून झोपवा आणि उचलून गाडीत ठेवा. उठवायचं नाही. शिरवळला चहाला थांबलो की आमची आपोआप उठतात.

आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढा. लवकर पोचून खिडकीच्या रांगेत उभं राहिलात तर लवकर पोचल्याचा उपयोग तिथेच संपला.

हरिपूरकर
वाचून राहवलं नाही. आयुष्य कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करण्यात गेलं, आणि राईडची रांग म्हणजे आमचंच शास्त्र.

राईडची क्षमता ठरलेली असते. समजा गाडीत २० जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक गाडी सुटते. तासाला झाले ६००. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात त्या राईडपाशी दोनशेच माणसं आली तर रांग होणारच नाही, येईल तो बसेल. पण बारा ते दोनच्या दरम्यान तासाला ९०० येऊ लागली, तर दर तासाला ३०० माणसं शिल्लक राहतात. दोन वाजता रांगेत ६०० जण, म्हणजे तासाभराची वाट.

आता महत्त्वाचं. दोननंतर येणारी माणसं कमी होऊन पुन्हा तासाला ६०० झाली, तरी ती रांग हलत नाही. जेवढी बसली तेवढीच मागे येऊन उभी राहिली. येणारी माणसं क्षमतेच्या खाली उतरतात तेव्हाच साचलेली रांग ओसरायला लागते, आणि ते बहुधा संध्याकाळी, लांबचे लोक परतीला लागल्यावर घडतं. कृष्णेच्या पुराचं पाणी आपण पाहिलंय ना. पाऊस थांबला म्हणून आयर्विन पुलाखालची पातळी त्याच घटकेला उतरत नाही, वरून येणारं पाणी कमी व्हावं लागतं. तसंच हे.

म्हणून सकाळचा पहिला तास-दीड तास सोन्यासारखा, हे पेठनाका यांचं म्हणणं गणिताने बरोबर आहे. मात्र फायदा आहे तो गेट उघडताना दारात असण्याचा. चार तास आधी पोचून एक मिनिटही जास्त मिळत नाही. अर्धा-पाऊण तास आधी पोचलात की पुरे.

एमआयटीचे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला: रांगेतली सरासरी माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी वाट. मुलांना हा जरूर शिकवा. गाडीत किती बसतात ते मोजायचं, दोन गाड्यांमधला वेळ घड्याळावर घ्यायचा, पुढची डोकी मोजायची. किती वेळ लागेल ते रांगेत शिरायच्या आधीच कळतं. अकरा वर्षांच्या मुलाला सहज जमेल.

आमराई
काका, पुराचं उदाहरण लगेच डोक्यात बसलं. लेकाला वाचून दाखवलं, तो आत्ताच वहीत मांडायला बसलाय.

पण पेठनाका दादा, तुमच्या सगळ्या राईड मोठ्यांच्या आहेत. माझी लेक उंचीतच बसणार नाही. नायट्रोवर १३२ फुटांवरून गाडी खाली येते, ते लेकाचं वेड. तिला घोड्यांचा चक्री पाळणा आणि बोटी. मग सकाळच्या त्या तासाचा तिला काय उपयोग?

पेठनाका
हे खरंय. माझे दोघेही तेव्हा उंचीत बसत होते, मी तसा विचार केला नव्हता.

तासगावच्या_बाई
मी शाळेत शिकवते, सहली घेऊन तीनदा गेले आहे. जे कुणी लिहिलं नाही ते लिहिते.

घरचे लोक म्हणतात, "सुट्टीची गर्दी नको, मधल्या वारी जाऊ." पण डिसेंबर-जानेवारीत मधला वार म्हणजे शाळांच्या सहलींचा वार. पार्किंगमध्ये बसच बस. आमच्यासारख्या लांबच्या शाळा रात्री निघून सकाळी पोचतात. एकेका बसमधून पन्नास मुलं उतरतात, मग हजेरी, टोप्या, पिशव्या ठेवणं, "सर, शू लागली", पुन्हा हजेरी. गेट उघडल्यानंतर आमची शाळा प्रत्यक्ष आत जायला पाऊण तास सहज लागतो. आणि एकदा आत गेलो की शे-दीडशे मुलं एकाच राईडकडे धावतात, कारण बाईंनी सांगितलेलं असतं, वेगळं व्हायचं नाही. हरिपूरकर काकांच्या हिशोबात एका शाळेने एका दमात पंधरा मिनिटांची रांग वाढवली. कुटुंबांना मोकळा मिळतो तो एवढाच, आमच्या आधीचा पाऊण तास.

लहान मुलीबद्दल. छोट्यांच्या राईडना सकाळी रांग नसतेच, कारण सगळे मोठ्या राईडकडे पळालेले असतात. तिला सकाळी एका जागी तीनदा बसता येतं, कुणी "आता उतर" म्हणत नाही. सहा वर्षांच्या मुलाला दहा वेगळ्या गोष्टींपेक्षा आवडलेली एक गोष्ट पुन्हा पुन्हा करण्यात जास्त आनंद असतो, हे मी वर्गात रोज बघते. तेव्हा पहिल्या तासात दोन गट करा, बाबा आणि मुलगा तिकडे, तुम्ही आणि ती इकडे.

जाता जाता, तिथल्या राजासॉरसच्या बोटीत बसण्याआधी लेकाला सांगा, की तो डायनोसॉर कल्पनेतला नाही. नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं. आमच्या मुलांना हे आधी सांगितलं होतं. ती बोटीतून ओलीचिंब उतरली आणि प्रश्न विचारत सुटली.

मिरजकर_परिचारिका
मी लहान मुलांच्या विभागात नोकरी करते. तीनला निघायचं वाचलं तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं, ड्युटीमुळे उशीर झाला.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. गाडीतली झोप ही पूर्ण झोप नव्हे. मान लोंबकळते, टोल आला की दिवे डोळ्यांवर येतात, घाटात अंग हलतं. मूल झोपल्यासारखं दिसतं, पण उठतं ते चिडचिडं. त्यात बोरघाटाची वळणं उतरून रिकाम्या किंवा नुकत्याच भरलेल्या पोटी सरळ उलट्यासुलट्या फिरणाऱ्या राईडवर बसवलं तर उलटी ठरलेली. घाट उतरल्यावर अर्धा तास जाऊ द्या, थोडं कोरडं काहीतरी खायला द्या, मग बसवा.

मुलांपेक्षा मला काळजी आहे ती गाडी चालवणाऱ्यांची. ताई, तुमचे हे तीनला निघणार म्हणजे अडीचला उठणार. पार्क संपवून साडेसात-आठला स्टेअरिंगवर बसतील तेव्हा त्यांना जागं होऊन सतरा तास झालेले असतील. सलग सतरा तास जागा असलेला माणूस आणि रक्तात ०.०५ टक्के दारू असलेला माणूस, दोघांची प्रतिक्रिया सारखीच मंदावलेली असते. हे अभ्यासातून दाखवलेलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ०.०३ टक्के आहे. घोटभर न पिता तुमचा माणूस त्या मर्यादेच्या वर असेल, आणि त्याच्या पुढे तीनशे किलोमीटर असतील. सगळी मागे झोपलेली, गाडीत अंधार, हात स्टेअरिंगवर आणि डोळे जड.

सकाळचाही रस्ता बघा. तीनला सांगली सोडली की पाच-साडेपाचच्या सुमाराला खंबाटकीचा बोगदा येतो. बोगदा संपला की उतारावर एस आकाराचं वळण. पुढे कात्रजचा नवा बोगदा आणि तिथून नवले पुलापर्यंतचा उतार. दोन्ही ठिकाणी किती अपघात झाले ते आपण सगळे पेपरात वाचतो. आणि ही वेळ कोणती? रात्री दोन ते सकाळी सहा, माणसाच्या शरीराला सगळ्यात जास्त झोप हवी असते ती.

लवकर पोचा, जरूर पोचा. पण रात्री जवळपास झोपून सकाळी पोचा. माझ्या वॉर्डात हायवेवरून आलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं लिहिलं.

चारभिंती
सतरा तासांचा हिशोब वाचून आमच्या घरात शांतता पसरली. आम्ही तेच करत होतो. सकाळचं निघणं सगळे मोजतात, रात्रीचं कुणी मोजत नाही.

पेठनाका
मी वर जे लिहिलं त्यात दुरुस्ती करतो. दुसऱ्या वर्षी आम्ही पहाटे निघालो होतो आणि परत येताना शिरवळच्या पुढे माझा एका क्षणासाठी डोळा लागला होता. बायकोने हाक मारली म्हणून वाचलो. ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ताई, लवकर पोचण्याचा फायदा खरा आहे, पण एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. मिस्टरांना हा प्रतिसाद दाखवा.

वाईकर_गणपती_घाट
मुक्कामाचं सांगतो. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे, परवडत असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर खोपोलीत साधी लॉज आहेत. आम्ही वेगळं करतो. इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर. एका बाजूला महडचा वरदविनायक, दुसऱ्या बाजूला पालीचा बल्लाळेश्वर. दोन्ही अष्टविनायकांतले. आदल्या दिवशी सकाळी आरामात घर सोडायचं, संध्याकाळी पालीला दर्शन, तिथेच भक्तनिवासात झोपायचं आणि सकाळी अंघोळ-नाश्ता करून पार्क. आईला दर्शन, पोरांना पाळणे. एकाच पेट्रोलात दोन्ही. तुमच्या सासूबाई बरोबर आहेत म्हणून खास सुचवतोय.

फक्त संकष्टी टाळा. त्या दिवशी तो रस्ता भाविकांच्या गाड्यांनी भरतो आणि अर्ध्या तासाला दीड तास लागतो.

स्टेशन_चौक
आम्ही सांगलीकर बेंगळुरूच्या वंडरला पार्कला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने जातो. रात्री बर्थवर आडवं व्हायचं, सकाळी बेंगळुरू. अंतर दुप्पट असूनही पोरं ताजी असतात, कारण चालवणारा कुणीच नसतो आणि सगळे झोपलेले असतात. गाडी नेलीच पाहिजे असं नाही.

कृष्णाकाठ_दूरदेशी
मूळची सांगलीची, सध्या फ्लोरिडात. इथे डिस्नेचे चार पार्क घरापासून तासाभरावर आहेत, त्यामुळे ह्या विषयात दहा वर्षं मुरले आहे.

इथे गेट उघडण्याआधी उभं राहणाऱ्यांची एक जमातच आहे. पूर्वी दोर लावून गर्दी थोपवायचे आणि वेळ झाली की तो दोर सोडायचे. त्यावरून ह्या प्रकाराला अजूनही "रोप ड्रॉप" म्हणतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तर रोज अर्धा तास आधी आत सोडतात. म्हणजे सकाळचा वेळ किती मोलाचा आहे हे पार्कवाल्यांनाही ठाऊक आहे आणि ते तो विकतात. १९९९ मध्ये त्यांनी फुकटचा फास्टपास आणला होता. रांगेत उभं राहण्याऐवजी वेळ लिहिलेली चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळेला यायचं. करोनानंतर २०२१ मध्ये तो गेला आणि रांग टाळायची तर पैसे मोजायची पद्धत आली. पैसे न मोजणाऱ्यांना आता सकाळच उरली आहे.

पण माझं मत दहा वर्षांत बदललं. सुरुवातीला मीही मुलांना साडेपाचला उठवून नेत असे. दुपारी दोनला धाकटी जमिनीवर लोळण घेऊन रडायची आणि मी तिला ओरडायचे, "एवढे पैसे भरलेत!" एकदा तिनेच विचारलं, "आई, आपण मजा करायला आलोय का?" त्या दिवसापासून रीत बदलली. सकाळी लवकर जायचंच, पण दुपारी एक ते चार बाहेर पडायचं. खोलीवर झोपायचं, नाहीतर सावलीत आडवं व्हायचं, आणि संध्याकाळी परत. सकाळी लवकर आणि रात्री उशिरापर्यंत, ह्या दोन्ही गोष्टी लहान मुलाकडून एकाच दिवशी मागू नयेत.

सिंगापूरला युनिव्हर्सल स्टुडिओला जाणाऱ्यांसाठी एक माहिती. काही राईडना एकट्या माणसांची वेगळी रांग असते. मुलं मोठी असतील आणि शेजारी शेजारी बसायचा हट्ट नसेल तर त्या रांगेने खूप वेळ वाचतो.

आमराई
सगळ्यांचे मनापासून आभार. पेठनाका दादा, तुमचा प्रतिसाद मी ह्यांच्या हातात फोन देऊन वाचायला लावला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पालीची खोली बघ."

बेत बदललाय. आदल्या दिवशी नऊला निघणार, पालीला मुक्काम. पार्कमधून पाचला बाहेर पडायचं, रात्री साताऱ्याला गोडोलीत नणंदेकडे झोपायचं, सांगली दुसऱ्या दिवशी. मुलांची शाळा दोन-तीन दिवस बुडेल, ती बुडू दे. जाऊन आल्यावर लिहिते.

तासगावच्या_बाई
शाळेची बाई असून सांगते, बुडू दे. जाऊन या.

आमराई
आलो जाऊन, म्हणून धागा वर काढते. जानेवारीतला बुधवार होता.

पालीला रात्री साडेनऊला सगळी झोपली. सकाळी सातला मुलं स्वतःहून उठली, मला हाक मारावी लागली नाही. हीच गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटली. दहाच्या आत पार्किंगला पोचलो. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत म्हणून सांगलीहून नेलेलं भडंग गाडीपाशी उभ्या उभ्या संपवलं. पार्किंगमध्ये शाळांच्या सहा बस होत्या आणि बाई म्हणाल्या तस्सं, एक सर शिट्टी वाजवून ओळी लावत होते. आम्ही त्यांच्या आधी आत शिरलो.

हे आणि मुलगा नायट्रोकडे गेले. मी, मुलगी आणि सासूबाई चक्री पाळण्याकडे. अख्ख्या पाळण्यावर आम्ही धरून नऊ माणसं. तिने पांढरा घोडा धरला. दुसऱ्या फेरीला तोच घोडा, तिसऱ्या फेरीलाही तोच. तिथल्या मुलीने तिला चौथ्यांदा विचारलं, "अजून?" आणि हिने घोड्याच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून मान हलवली. मागच्या वेळी ह्याच वेळेला ती माझी ओढणी धरून उभी होती, ते आठवून मला भरून आलं.

लेकाची नायट्रो पावणेअकराला झाली, रांग बारा मिनिटांची. काही राईड थोड्या उशिराने चालू झाल्या, त्यामुळे आत शिरल्यावर कुठली चालू आहे ते आधी विचारून घ्या, उगाच लांब चालत जाऊ नका. साडेबारापर्यंत त्याच्या पाच राईड झाल्या. मग खरोखरच साचायला लागलं. एका राईडपाशी त्याने घड्याळ लावलं, गाडीत २०, अडीच मिनिटांनी एक, पुढे साधारण १६०. म्हणाला, "आई, वीस मिनिटं." तेवीस लागली. हरिपूरकर काका, त्याने रांगेतल्या अनोळखी काकांनाही लिटल यांचा नियम समजावून सांगितला.

दुपारी दीड ते साडेतीन आम्ही काहीही केलं नाही. जेवलो आणि सावलीत बसलो. लेक सासूबाईंच्या मांडीवर पाऊण तास झोपली. मग सगळ्यांनी मिळून आय फॉर इंडिया पाहिला. खुर्च्या अधांतरी जातात आणि आपण देशावरून उडतोय असं वाटतं. सासूबाई पुन्हा चला म्हणाल्या, पुन्हा गेलो. राजासॉरसची बोट शेवटी ठेवली, कारण भिजायला होतं. लेकाने नर्मदेचं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सव्वापाचला निघालो. स्क्रीम मशीन राहिलं, सलीमगढ राहिलं. लेक थोडा नाराज होता, पण रडला नाही. खेड शिवापूरच्या टोलला दोघंही झोपलेली होती. हे जागे होते, बोलत होते. खंबाटकीचा घाट चढून आलो, साडेनऊला नणंदेच्या दारात. तिने गरम भात आणि आमटी ठेवली होती.

मिरजकर_परिचारिका
"हे जागे होते, बोलत होते." हे वाचून बरं वाटलं ताई.

गोडोली_तळं
आम्ही फेब्रुवारीत जाणार आहोत, मुलगा पाच वर्षांचा. इमॅजिकाचा वॉटर पार्कही त्याच दिवशी करावा का? आणि सकाळी आधी कुठला?

आमराई
पाच वर्षांच्या मुलाला एका दिवसात दोन्ही नका करू. आमच्या शेजारच्यांनी केलं होतं, त्यांना दोन्हीकडे अर्धंच मिळालं. फक्त वॉटर पार्क करणार असाल तर तिथे सकाळी गर्दी राईडपेक्षा लॉकर आणि कपड्यांच्या खिडकीवर असते. नायलॉनचे कपडे घरून नेलेत तर ती एक रांग वाचेल. फेब्रुवारीत सकाळी पाणी गार असतं, मुलगा कुडकुडेल, म्हणून पाण्यात उतरवायची घाई करू नका. आत वेळेवर जा, लॉकर घेऊन ठेवा, आणि ऊन जरा वर आलं की उतरवा. कोरडा टॉवेल एक जास्तीचा न्या, तो गाडीतच ठेवा.